चार पॉइंट सात

डबीवर लिहिलंय चार पॉइंट सात,
आत मावतं चार पॉइंट तीन आठ.
पासलकरांना हे पटवायला वेळ लागला नाही.
"म्हणजे सुपर बिल्ट-अप," ते म्हणाले,
"वारज्यात फ्लॅट घेताना असंच झालं."

पेन ड्राइव्ह रुमालात, रुमालाला गाठ.
सात फायली, अकरा जीबी.
थोरल्याचं लग्न. धाकट्याचं लग्न. नातवाचं जावळ.
कात्रजच्या सर्पोद्यानाची सहल, जिच्यात साप एकही नाही,
बराच वेळ पासलकरांचा अंगठा आहे.
खडकीच्या फॅक्टरीतला निरोप समारंभ, भाषणांसकट.
नव्या स्कूटरची पूजा, उभ्या मोबाइलवर,
दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.
आणि एक बिननावाची, नुसता नंबर: शून्य शून्य चौदा.

"तीन डिस्क लागतील. निदान दोन."
"एकच."
"चित्र मऊ पडेल. चेहऱ्यांचे चौकोन होतील."
"होऊ देत. एकच."
"मग भाषणं उडवू?"
"त्यात तापकीरसाहेब माझ्याबद्दल बोललेत."

बुधवार पेठेत, सोल्डरच्या वासात,
मी बिटरेट खाली आणत बसलो,
मिठाच्या बरणीतून चिमटी चिमटी काढावी तसा.
मशीनचा न्याय सरळ असतो:
जे हलतं त्याला जास्त द्यायचं.
जे तसंच राहतं ते पुन्हा लिहायचं नाही,
"मागच्यासारखंच" म्हणून पुढे जायचं.

धाकट्याच्या वरातीने डिस्क खायला घेतली.
बँजो, फटाक्यांचा धूर, उधळलेले तांदूळ,
दाण्यादाण्याला वेगळा हिशेब.

शून्य शून्य चौदा बावन्न मिनिटांची, सगळ्यांत लांब.
कॅमेरा स्टुलावर चालू राहिलेला.
बाल्कनीत बाई मेथी निवडतायत.
भिंत तीच, पातळ तेच,
दोरीवरचा टॉवेल एकदा हलला.
हात तेवढे चालू.
मशीनने त्यांना जवळजवळ काहीच दिलं नाही.
आकडा पासलकरांनी चष्मा वर करून वाचला.
"तिचं असंच," म्हणाले,
आणि मग बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं नाही.

चहा आला तेव्हा आपणहून बोलले.
"गेल्या दिवाळीत वाटण्या झाल्या.
मिक्सरसुद्धा वाटला हो.
भांडी एकाकडे, मोटर एकाकडे.
चटणी कुणाचीच होत नाही.
दोन डिस्क दिल्या तर एकेक उचलतील.
एक असली की
बसावं लागेल एका खोलीत."

मी वरातीचा धूर आणखी थोडा मळका केला.
तापकीरसाहेबांना चौकोनी केलं.
मेथीला मात्र हात लावला नाही,
तिथे काढण्यासारखं नव्हतंच काही.
बसलं. कडेला नखाएवढी जागा उरली.

"फायनलाइझ करतोय. यानंतर भर घालता येणार नाही."
"घालायचीय कुणाला."
"वर काय लिहू?"
मार्करचं टोपण माझ्या हातात वाळत राहिलं.
"लिहा," ते म्हणाले, "वाटू नये."

दसऱ्यानंतर धाकटा आला, हेल्मेट हातात.
"आता मीही प्लेअर घेतलाय. याची एक कॉपी."
माझ्या पाठीमागे रायटर
कुणाच्या तरी बारशाची कॉपी काढत घुरघुरत होता.
मी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरली.
काठावर बोटांचे ठसे,
तेलकट, लहान, मोठे,
एका हाताचे नव्हेत.

"होत नाही," मी म्हणालो.

पुण्यात दुकानदार होत नाही म्हणाला
की कारण कुणी विचारत नाही.
त्याने डिस्क डबीत ठेवली,
डबी हेल्मेटात,
आणि हेल्मेट पोटाशी धरून
तो जिना उतरला.